कोंबडीला थंडी नाही, ओल मारते



गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. ईशाची नमाज आटोपून मी मुलांच्या वह्या तपासायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. माझी खालाजाद बहीण. लग्न होऊन इंग्लंडच्या उत्तर भागात गेली, त्याला आता बारा वर्षं झाली. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग ती मुद्द्यावर आली.

"आपा, मुलं हट्ट धरून बसलीत. मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळायच्या म्हणतायत. पण इथे बर्फ पडतो गं. खुराडा कसा बांधू? आत हीटर लावावा लागेल का?"

मला हसू आलं. मी रेडीची. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तेरेखोलची खाडी, पलीकडे गोवा. आमच्याकडे थंडी म्हणजे डिसेंबरच्या पहाटे पंखा बंद करायचा आणि एक चादर ओढायची. बर्फातल्या खुराड्याबद्दल मी काय सांगणार? पण हसता हसता मी थांबले. कारण थोड्या फरकाने हाच प्रश्न सात वर्षांपूर्वी मलाही पडला होता. त्या वेळी मी कोणाला न विचारता स्वतःच त्याचं उत्तर ठरवलं, आणि त्या उत्तरापायी आमच्या अम्मींच्या अकरा कोंबड्या गेल्या.

तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगते. मे महिना चालू आहे, मृग तोंडावर आहे. ज्यांना खुराडा बांधायचा किंवा दुरुस्त करायचा असेल, त्यांच्यासाठी हीच वेळ आहे.

अम्मींचा डबा

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सून, मुलगा, नातवंडं सगळे त्यांना अम्मीच म्हणतात. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गावठी अंड्यांचे आणि कधीमधी विकलेल्या कोंबड्याचे पैसे त्यात पडतात. त्या डब्याचा हिशोब घरात कोणी विचारत नाही. तो फक्त अम्मींना ठाऊक.

लग्नानंतर मला बी.एड. करायचं होतं. घरची ओढाताण होती, मुलगी लहान होती. "पुढच्या वर्षी बघू" असं सगळे म्हणत होते आणि मीही मान डोलावत होते. फी भरायच्या आदल्या रात्री अम्मींनी तो डबा आणून माझ्यापुढे ठेवला. फीची सगळी रक्कम त्यात नव्हती, पण अर्ध्याच्या वर होती. "उरलेले तुम्ही नवराबायको बघा. हे कोंबड्यांचे आहेत, परत करायचे नाहीत," एवढंच म्हणाल्या. आज मी वर्गात उभी राहून उर्दू आणि मराठी शिकवते, त्यात त्या कोंबड्यांचा वाटा आहे. हे मी मुलांनाही सांगते. मुलं हसतात. हसू देत.

म्हणूनच नोकरी लागून जरा स्थिर झाल्यावर मी ठरवलं, अम्मींना चांगला खुराडा बांधून द्यायचा. जुना खुराडा परसात चिऱ्यांचा होता. चिरे झिजलेले, वर झावळ्या, दार म्हणजे एक फळी. मला तो गबाळा वाटायचा. मी सिमेंटचा कोबा घातला, चार फूट बाय तीन फुटांची खोली केली, वर पत्रा टाकला आणि जून लागताच चारही बाजूंनी निळी ताडपत्री घट्ट बांधली. समुद्राचा वारा आणि पावसाची झड आत येऊ नये, बिचाऱ्या कोंबड्या गारठू नयेत, हा हेतू. आत सतरा कोंबड्या. बाहेर धो धो पाऊस, आत कोंबड्या सुरक्षित. मला फार समाधान वाटलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दार उघडलं की नाकाला झिणझिण्या यायला लागल्या. पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लटकलेले असायचे. खालचं तूस ओलं होऊन त्याचा लगदा झाला होता. मग कोंबड्या शिंकू लागल्या. दोघींचे डोळे सुजले. तलंगांच्या विष्ठेत रक्त दिसलं. मी काय केलं असेल? गारठा लागला म्हणून ताडपत्री आणखी घट्ट केली! तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येईपर्यंत सात गेल्या होत्या, नंतर चार गेल्या.

अम्मी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. रोज सकाळी मेलेली कोंबडी उचलून माडाच्या पलीकडे खड्डा करून पुरायच्या आणि हात धुऊन चहा ठेवायच्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत शेजारच्या म्हाताऱ्या काकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ताडपत्री पाहिली, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "बाईनू, कोंब्यांका थंडी मारणा नाय, ओल मारता."

बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात मला एवढा मोठा धडा एका वाक्यात मिळाला नव्हता.

असं का होतं?

कोंबडीच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त असते, ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास. तिच्या अंगावर पिसांची गोधडी असते. गार वाटलं की ती पिसं फुलवते. फुललेल्या पिसांत हवा अडकते आणि ऊब टिकते. दांडीवर बसली की पोटाची पिसं पायांवर येतात, डोकं पंखाखाली जातं. अल्लाहने तिला रजईसकटच पाठवलं आहे. पण ही रजई कोरडी असेल तरच उपयोगाची. ओली गोधडी पांघरून कोण झोपेल?

आता ओल येते कुठून? मी समजत होते पावसातून. अर्धं उत्तर बरोबर. उरलेली अर्धी ओल कोंबडीच्या पोटातून येते. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. सतरा कोंबड्या म्हणजे चार लिटरच्या वर. कोंबडीला घाम येत नाही आणि ती वेगळी लघवीही करत नाही. अंड्यात जातं ते सोडलं, तर हे पाणी श्वासातून आणि विष्ठेतूनच बाहेर पडतं. रात्रभर बंद खोलीत सतरा जणी श्वास सोडणार, विष्ठा टाकणार आणि वाफ जायला जागा नाही. मग ती पत्र्याला जाऊन चिकटते आणि थेंब होऊन पुन्हा त्यांच्याच पाठीवर पडते.

ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू सुटतो. नाकाला झोंबतो तो हाच. तो कोंबडीच्या डोळ्यांना आणि श्वासनळीला आतून सोलवटतो, मग सर्दी-खोकल्याचे जंतू सहज आत शिरतात. रक्ती हगवणीचे परजीवीही ओलीवरच वाढतात. विष्ठेतून पडलेली त्यांची अंडी उबदार, ओल्या जागेत एक-दोन दिवसांत दुसऱ्या कोंबडीला रोग द्यायला तयार होतात. कोरड्या जागेत त्यांची ताकद खचते. म्हणजे मी ताडपत्री बांधून कोंबड्यांची नव्हे, रोगाची सोय केली होती.

अम्मींचा जुना गबाळा खुराडा याच कारणाने चांगला होता. चिऱ्यांच्या फटींतून, झावळ्यांच्या खालून हवा खेळायची. त्याला मी गरिबी समजले, पण तो अनुभव होता.

एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, त्याला खायला दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायलाही सोडलं नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली, ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मी ती वर्गात कितीदा सांगितली असेल. त्या जुलैत मला तिचा अर्थ नव्याने कळला. मोकळा जीव स्वतःची सोय स्वतः बघतो, झाडावर चढतो, वळचणीला जातो. आपण दाराला कडी घातली की त्याच्या श्वासाचीही जबाबदारी आपली.

आमचा आताचा खुराडा

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात गावातल्या सुतारकाकांना बोलावलं. या वेळी मी बोलले कमी, अम्मींना आणि काकींना बोलू दिलं. बारा कोंबड्यांसाठी सहा फूट बाय चार फूट, म्हणजे प्रत्येकीला दोन चौरस फूट. दिवसभर त्या परसात मोकळ्या असतात, म्हणून एवढं पुरतं. दिवसभर कोंडून ठेवणार असाल तर जागा याच्या दुपटीहून जास्त लागेल.

जागा. परसातली सगळ्यात उंच जागा निवडा, जिथे पावसाचं पाणी साचत नाही. आमची जमीन जांभ्याची, उतार मिळाला की पाणी निघून जातं. वरून घराच्या पागोळ्या पडणार नाहीत हे बघा. सकाळचं ऊन मिळालं पाहिजे.

पाया. जमिनीवर कोबा नको. चार कोपऱ्यांत चिऱ्यांचे अडीच फूट उंच खांब उभे करून त्यावर खुराडा ठेवला. खालून हवा फिरते. प्रत्येक खांबाला मध्यावर गुळगुळीत पत्र्याचा हातभर रुंद पट्टा गुंडाळला, म्हणजे उंदीर-घुशींना वर चढता येत नाही. कोंबड्यांसाठी छोटी शिडी आहे, ती रात्री काढून ठेवतो.

तळ. पोफळीच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत अर्ध्या इंचाची फट. त्याखाली अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. बरीच विष्ठा खाली पडते, बाकीची सकाळी खराट्याने ढकलायची. खाली पडलेली विष्ठा रोज गोळा करून राख आणि पाचोळ्याबरोबर खड्ड्यात टाकतो. चार-पाच महिन्यांनी ती माडांना घालतो. ताजी घालू नका, मुळं करपतात.

भिंती. पावसाचा वारा आपल्याकडे नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत बंद, माणगा बांबूच्या कामट्यांची, बाहेरून चुडतांची झापं. पूर्वेला दार, आणि पूर्व-उत्तर या दोन बाजूंना वरचा अर्धा भाग जाळीचा. छपराच्या लगत चारही बाजूंना सहा इंचांची जाळी लावलेली फट. ही फट कधीच बंद करायची नाही, कितीही पाऊस असो. ती कोंबड्यांच्या डोक्याच्या बरीच वर आहे. त्यामुळे गरम दमट हवा वरून निघून जाते आणि अंगाला थेट झोत लागत नाही. सगळ्या खुराड्याचं मर्म या सहा इंचांत आहे.

छप्पर. मंगलोरी कौलं, चांगला उतार देऊन. कौल पत्र्याइतकं लवकर तापत नाही, गार पडत नाही आणि त्याच्या सांध्यांतून वाफ जाते. पत्राच घालायचा असेल तर त्याखाली झापांचा एक थर द्या. पश्चिमेला छप्पर तीन फूट बाहेर, बाकी बाजूंना दोन फूट. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला पुष्कळसा आडवा येतो. छपराची ही टोपी खाली ओढलेली हवी.

दांड्या. कोंबडी मुळात झाडावर झोपणारी. तिला जमिनीवर झोपवू नका. दोन इंच जाडीच्या, कडा गोल केलेल्या दोन दांड्या आडव्या लावल्या, दोन्ही एकाच उंचीवर. एक वर एक खाली लावली की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणं. प्रत्येकीला आठ-नऊ इंच जागा धरा. अगदी बारीक दांडी नको. बोटांवर पोटाची पिसं पसरतील एवढी जाडी हवी.

अंड्यांची जागा. फूटभर लांब-रुंद-उंच खोकी, चार-पाच कोंबड्यांना एक. आत सुका पेंढा. ही खोकी दांड्यांपेक्षा खाली लावा, नाहीतर त्या खोक्यातच झोपतील आणि अंडी घाण होतील.

जाळी आणि कडी. षटकोनी बारीक कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला, रानमांजराला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दाताने फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश थोडी महाग पडते, पण एकदाच घ्यावी लागते. नाग आणि घूस अंड्यांच्या वासाने येतात, म्हणून अंडी संध्याकाळपर्यंत आत ठेवायची नाहीत. दाराला नुसता खटका नको, कडी हवी.

चिरे, बांबू, पोफळी, झापं सगळं गावातलं. विकत आणली ती जाळी, बिजागऱ्या आणि थोडी कौलं. सुतारकाकांनी तीन दिवस काम केलं.

पावसाळ्यातली शिस्त

खुराडा चांगला असला तरी हात आळशी असेल तर उपयोग नाही. आमच्या घरी पाच गोष्टी ठरलेल्या आहेत.

पहिली, नाकाची परीक्षा. रोज फजरनंतर दार उघडताना मान आत घालून कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्यायचा. नाक झोंबलं तर कुठेतरी हवा अडली आहे. छपराला आतून थेंब दिसले तरी तेच.

दुसरी, तूस. ज्यांचा तळ जमिनीचा आहे त्यांनी भाताचं तूस चार इंच जाड पसरावं, रोज उकरावं आणि ओला भाग लगेच काढावा. मूठ आवळली की गोळा झाला तर तूस बदलायची वेळ झाली. आमच्याकडे तूस भातगिरणीवर मिळतं. मेमध्येच पोती भरून कोरड्या जागी ठेवायची. जुलैत सगळ्यांनाच हवं असतं.

तिसरी, पाणी आणि दाणे. पाण्याचं भांडं खुराड्यात नको, बाहेर पडवीत ठेवायचं. ते आत सांडलं की सगळी मेहनत वाया. संध्याकाळी आत घेण्याआधी मूठभर दाणे टाकायचे. भरल्या पोटी रात्र उबेत जाते.

चौथी, राखेचं अंग. पावसाळ्यात कोंबड्यांना धूळ मिळत नाही, मग अंगावर उवा-पिसवा होतात. पडवीच्या कोपऱ्यात जुन्या टोपलीत चुलीची चाळलेली थंड राख आणि कोरडी माती ठेवा. त्या स्वतःहून येऊन लोळतात. नातवंडांना हा खेळ फार आवडतो.

पाचवी, पिल्लं. भर पावसात कोंबडी खुडूक झाली तरी अंड्यांवर बसवायची नाही, असा अम्मींचा नियम आहे. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतात ती श्रावणाच्या झडीत भिजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा पिल्लांचा काळ. कोल्हापूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून किंवा इतर कुठून एक दिवसाची पिल्लं आणणार असाल तर आईची ऊब तुम्हालाच द्यावी लागेल. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली गोळा झाली तर गारठली आहेत, कडेला पळाली तर उकडतंय, सगळीकडे पसरून टिपत असली तर ठीक. दिवा पक्का टांगा, तुसाजवळ कधीही नको. दिवा तुसात पडला की सगळं पेटतं.

आणि लस. आपण ज्याला मानमोडी म्हणतो, त्या रोगाचं एक नाव राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या थंड हवेच्या गावाचं हे नाव. १९२७च्या सुमारास आपल्या देशात तो रोग तिथे नोंदला गेला. इंग्रजीत त्यालाच न्यूकॅसलचा रोग म्हणतात, आणि ते न्यूकॅसल माझ्या बहिणीच्याच भागातलं, उत्तर इंग्लंडमधलं शहर! थंड मुलुखांची नावं घेऊन हा रोग आपल्या माडांखाली येतो आणि आठवड्यात परस रिकामं करतो. यावर औषध नाही, फक्त लस. पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब, मग महिन्याने पुन्हा, आणि आठ आठवड्यांनंतर टोचून. वेळापत्रक आपल्या पशुवैद्यकांकडून नक्की करून घ्या. एका बाटलीत शंभर किंवा जास्त कोंबड्यांची लस असते आणि ती कालवली की बर्फात ठेवून दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आमच्या वाडीतली पाच घरं एकाच सकाळी लस देतात. काकींचं घर त्यात पहिलं.

बर्फातला खुराडा

हे सगळं मी बहिणीला तासभर सांगितलं. ती म्हणाली, "आपा, हे तुझ्या पावसाचं झालं. माझ्या बर्फाचं काय?"

मी म्हटलं, वेडे, गोष्ट तीच आहे. बर्फाळ हवेत लोक खुराडा गच्च बंद करतात, आतली वाफ आतच राहते, ती कोंबडीच्या तुऱ्यावर बसते आणि गोठते. तुरा काळा पडतो. थंडी नुसती असती तर कोंबडीने पिसं फुलवून सोसली असती. थंडीला ओलीची साथ मिळाली की ती सोसवत नाही. म्हणून वरची फट तुझ्याकडेही उघडीच राहील. फरक एवढाच की खालच्या भिंती तू जास्त घट्ट करशील, झोत अडवशील, तळाला तूस किंवा लाकडाचा भुसा सहा इंच घालशील. तो उकरत राहिलं की हळूहळू कुजताना थोडी ऊबही देतो. हीटर नको, आगीची भीती. आणि एखाद्या रात्री वीज गेली तर हीटरच्या सवयीच्या कोंबड्याच आधी गारठतील.

कोंबडी निवडतानाही तुरा बघायचा. मोठा उभा तुरा उकाड्यात अंगातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून तो आपल्याकडे चांगला. बर्फात तोच तुरा आधी गोठतो. तिथे बुटक्या, चपट्या तुऱ्याची जात बरी, आपल्या असीलच्या तुऱ्यासारखी.

तिनेही मला दोन गोष्टी सांगितल्या. २०२४च्या १ ऑक्टोबरपासून तिथे घरी एकच कोंबडी असली तरी सरकारकडे नोंद करावी लागते, बर्ड फ्लूची साथ आली तर कळावं म्हणून. आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायला तिथे कायद्याने बंदी आहे. हे ऐकून अम्मी म्हणाल्या, "मग भाताची खरवड कोण खातं तिथे?"

आपल्या राज्यातही थंडीची गावं आहेत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे हिमकण दिसतात, नाशिककडच्या निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो. तिकडच्या बहिणींनी जाळीच्या खालच्या भागाला रात्री गोणपाट सोडावं आणि सकाळी गुंडाळावं. वरची फट मात्र मोकळी. आणि हिवाळ्यात अंडी कमी झाली तर लगेच थंडीला दोष देऊ नका. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. चौदा तासांच्या आसपास उजेड असेल तर ती जोमाने घालते. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांच्या थोडा वर, माझ्या बहिणीकडे जेमतेम साडेसात. त्यातच पिसं गळायची वेळ असते. तिला थोडी विश्रांती घेऊ द्या.

जानेवारीत तिने फोटो पाठवला. अंगण पांढरं, बाहेरचं पाणी दगडासारखं गोठलेलं, आणि खुराड्यात कोरड्या भुशावर पिसं फुलवून बसलेल्या चार कोंबड्या. तुरे लालभडक. मी तो फोटो मोठा करून अम्मींना दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला. बर्फाबद्दल काही बोलल्या नाहीत. "वरून हवा ठेवली आहे तिने," एवढंच म्हणाल्या.

मग मीच विचारलं. सात वर्षं मनात होतं ते. "अम्मी, त्या पावसाळ्यात तुम्हाला माहीत होतं ना ताडपत्रीचं? मग बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "तू एवढ्या हौसेने बांधलंस. मला वाटलं, शिकलेली आहे, तिला ठाऊक असेल."

या वाक्याने मला अकरा कोंबड्यांपेक्षा जास्त लागलं. घरात एक जण शिकला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असं आपल्या किती घरांत होत असेल! जे त्यांना पन्नास वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं, ते माझ्या पदवीपुढे त्यांच्या ओठांवर आलं नाही. आणि मीही विचारलं नाही. चूक माझीच. विचारायचं काम शिकलेल्याचं असतं.

तेव्हा या मे महिन्यात खुराडा बांधायच्या आधी दोन कामं करा. एक, वरची सहा इंचांची फट मोजून घ्या. दुसरं, घरात कोणी म्हातारं माणूस असेल, ज्याने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या आहेत, त्याला खुर्ची देऊन परसात बसवा आणि विचारा. नुसतं विचारून सोडू नका, ते बोलेपर्यंत थांबा.

अम्मींच्या कोंबड्या आज चौदा आहेत. डबा पुन्हा भरतोय. माझी मुलगी यंदा बारावीला आहे, आणि काल अम्मी तिला विचारत होत्या, पुढे काय शिकायचं म्हणून.

तुमच्याकडे खुराडा कसा आहे, पावसाळ्यात काय अडचण येते, जरूर लिहा. पुढच्या अंकात इन्शाअल्लाह परसातल्या पावसाळी भाज्यांबद्दल बोलू.